नाशिकच्या भांडीबाजारातल्या पेटीवाल्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण तुमच्या सूनबाई वाचतात. त्यांनी हे तुम्हाला दुकानात वाचून दाखवावं म्हणून चारचौघांत लिहिते आहे. समोर बोलायला गेले की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय तोडता. दोनदा तसं झालंय.

त्या आषाढात ह्यांच्या अंबडच्या कारखान्यात आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं होतं. पगार निम्मा, घराचा हप्ता मात्र पुरता. मंगळसूत्राच्या वाट्या सोडल्या तर बाकीचं किडूकमिडूक आधीच सोनाराकडे गेलेलं. किराणावाल्याच्या वहीत आमचं एक पान भरून दुसरं लागलं होतं. त्यात मुलाची फी. मग कपाटावरच्या पेटीकडे, म्हणजे हार्मोनियमकडे, लक्ष गेलं. गाण्याची प्रवेशिका परीक्षा पूर्ण झाले तेव्हा बाबांनी घेऊन दिलेली, दुहेरी सुरांची. रुखवतात मधोमध मांडली होती. नंतर संसारात वर्षाकाठी एकदा, गणपतीत उतरायची.

जुन्या चादरीत गुंडाळून सिडकोतून बसने शालिमारला आणली. तिथून मेन रोडने चालत, पावसात, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणत. तुम्ही काही विचारलं नाही. झाकण काढलंत, भाता दोन बोटांनी हलकेच दाबलात आणि एकेक पट्टी कान लावून ऐकलीत. "सूर पालिताण्याचे आहेत. चांगले आहेत. पण विकत घेऊन मी काय करू? सात इथेच पडल्यात." माझा चेहरा पडला असणार, कारण लगेच म्हणालात, "किती अडलंय?"

आठ हजार. सहा गल्ल्यातून दिलेत, दोन माडीवर जाऊन आणलेत. कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे आकडा लिहिलात, सहीसुद्धा घेतली नाहीत. मग कुरकुरत म्हणालात, "ठेव पेटी इथे. पण पावसाळा आहे, बंद राहिली की पट्ट्या फुगतात, चामडं धरतं. मंगळवारी-शुक्रवारी फॉल-पिकोच्या साड्या द्यायला मेन रोडवर येतेस ना? अर्धा तास वाजवून जात जा. मला वेळ नसतो."

मी खरं मानलं. घरी सांगितलं तर हे हसले, "पेटी ठेवून पैसे घेतले, आणि वाजवायलाही तिथेच जाणार?" त्या महिन्यात ते पहिल्यांदा हसले असतील.

पहिल्या मंगळवारी हात चालेनात. बोटं सुईदोऱ्याला सरावलेली. तुम्ही कोपऱ्यात कुणाच्या तरी पेटीचे सूर लावत बसला होतात, पितळेच्या जिभेवर कानस फिरवत. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे तेव्हा तुमच्याकडूनच कळलं. इतकी वर्षं वाजवून मला ठाऊक नव्हतं. सहा महिने परीक्षेसाठी घोटलेला भूप राग काढला. भूपाला मध्यम आणि निषाद वर्ज्य. आमच्या घरी तेव्हा केबल आणि रविवारचं मटण वर्ज्य होतं. हा विनोद मी तुम्हाला ऐकवला, तुम्ही हसला नाहीत. "पंचमावर थांब जरा, पळू नको," एवढंच म्हणालात.

एक खरं सांगते. गाण्याने पोट भरत नाही, आणि तसं कुणी म्हणालं की मला राग येतो. फायनान्सवाल्यांचा फोन येऊन गेला की यमन सुचत नाही. एका शुक्रवारी मी पेटी उघडून नुसती बसले होते, अर्धा तास. तुम्ही काही बोलला नाहीत, वेळ झाल्यावर झाकण तुम्हीच लावलंत. पण बाकीच्या दिवशी तो अर्धा तास कुणाचा हप्ता नव्हता, कुणाची वही नव्हती. परतीच्या बसमध्ये तेच सूर डोक्यात फिरत असायचे, घरी जाऊन पोळ्या लाटेपर्यंत पुरायचे. रात्री मोबाइलवर विविध भारती लागायचं ते वेगळं. ते ऐकायला बरं वाटतं, पण आपल्या हाताखाली भाता श्वास घेतो त्याची सर त्याला नाही.

लाज वाटते म्हणाले होते एकदा, बाबांची वस्तू अशी ठेवली म्हणून. तेव्हा कानस खाली ठेवून तुम्ही कधी नव्हे ते बोलत सुटलात. पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून मोठमोठ्यांनी नाकं मुरडली, रेडिओने १९४० साली हिला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत दार उघडलं नाही. "पण भजनाला, नाटकाला हिच्यावाचून अडलंच की नाही?" मग पुलाकडे हात करून विष्णू दिगंबर पलुस्करांचं काढलंत. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणारा माणूस, मुंबईतली इमारत कर्जापायी लिलावात गेली, आणि पंचवटीत येऊन रामनामात आश्रम चालवला. "कर्ज त्यांनाही झालं. तू कोण लागून गेलीस?" काका, असलं सांत्वन तुम्हीच करू जाणे. पण ज्यांच्या परंपरेतल्या मंडळाची प्रमाणपत्रं माझ्या ट्रंकेत आहेत, ते आमच्या गावात कर्जबाजारी होऊन राहिले होते, हे मला कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तो पूर. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, टीव्हीवर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी दिसलं, आणि भांडीबाजारात शिरणार म्हणून कळलं. संध्याकाळी तुम्हाला फोन लावला. "पेटी का? पहिल्यांदा तीच माडीवर नेली." सात दुसऱ्याही पडल्या होत्या ना दुकानात! माझी गिऱ्हाइकाची, त्या तुमच्या विकायच्या. फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले. पाण्यासाठी नाही.

पैसे फेडायला अकरा महिने लागले. कधी पाचशे, कधी हजार, एकदा दोनशे. तुम्ही त्या पानावर वजाबाकी करत गेलात. शेवटच्या दिवशी पेटी पुसून चादरीत बांधून दिलीत आणि व्याजाचा शब्द काढला नाहीत. मी विचारलं तर म्हणालात, "भात्याचं चामडं बदललंय, त्याचे साडेतीनशे दे." तेवढेच घेतलेत.

गेल्या महिन्यात भजनी मंडळातल्या एका बाईंची पेटी नीट करायला दुसरे कारागीर आले होते. मी सहज विचारलं, पावसाळ्यात पेटी किती वेळा वाजवावी लागते? ते म्हणाले, कोरड्या जागी ठेवायची, आठवड्याकाठी एकदा उघडली तरी पुरे. मी त्यांना काही बोलले नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला आत्ता कळलं?"

ह्यांचं काम आता सहा दिवसांवर आलंय. सोनं अजून सगळं सुटलेलं नाही, सुटेल. पेटी कपाटावर नाही, दिवाणाशेजारी असते. मुलगा येता-जाता एक पट्टी दाबून जातो, मला चिडवायला.

मधल्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, अडकायला लागली आहे. मंगळवारी घेऊन येते. या वेळी बिल करा, आणि चहा माझ्याकडून.

तुमची,
सिडकोतली फॉल-पिकोवाली