सुलतानाला उत्तर

पुणे, १४ जानेवारी

प्रिय सुध्या,

परवा रद्दीवाल्याकडे सोव्हिएत छपाईचं एक जुनं चित्रांचं पुस्तक मिळालं. बाइंडिंग पार सुटलंय, पण एका पानावर तासभर अडकलो. रशियन चित्रकार रेपिनचं ते सुलतानाला पत्र लिहिणाऱ्या झापोरोझियन कोसॅकांचं चित्र.

गोष्ट अशी की तुर्की सुलतान चौथ्या मेहमेदनं फर्मावलं, मुकाट शरण या. नीपर नदीकाठच्या या घोडेस्वारांनी उत्तरादाखल शिव्यांची लाखोली धाडली. साल सांगतात १६७६, म्हणजे आपल्याकडे राज्याभिषेकाला जेमतेम दोन वर्षं झालेली. पत्र मागाहून कुणीतरी रचलेलं असावं, असं इतिहासकार म्हणतात. म्हणोत बापडे.

कोसॅक म्हटल्यावर मला घोडे नि धुरळा हवा होता. इथे पुढ्यात एक घोडा नाही! नुसतं टेबल, भोवती कोंडाळं आणि हसू. कुणी मिशीतल्या मिशीत हसतोय, लाल डगल्यातला जाड्या तर पोट धरून. तासलेल्या डोक्यांवर एकच झुलूप, आपल्या शेंडीचा दांडगट भाऊ. एक गडी उघडाबंब बसलाय. पत्ते खेळताना बाहीत पान लपवता येऊ नये म्हणून सदरे उतरवायचे म्हणे!

त्यांच्या ठाण्याला सिच म्हणत. आत बायकांना मज्जाव, सरदारही निवडून दिलेला. रशियाच्या कॅथरीन राणीनं १७७५ मध्ये ती सिच मोडली. आणि १८८० पासून १८९१ पर्यंत घासलेलं हे चित्र ३५,००० रूबल मोजून घेतलं कुणी? तिच्याच गादीवरच्या झार तिसऱ्या अलेक्झांडरनं.

मधल्या लेखनिकासाठी रेपिनपुढे बसला तो याव्होर्नित्स्की, कोसॅकांचा इतिहास लिहिणारा. पुढ्यात पाठमोरं टक्कल दिसतं ना, तो एक बडा अधिकारी. चित्रासाठी बसायला साफ नाही म्हणाला. मग याव्होर्नित्स्कीनं त्याला जुनी नाणी बघण्यात गुंतवलं आणि रेपिननं मागून काम उरकलं. असला चावटपणा केल्याशिवाय असलं चित्र होत नसावं.

सगळे ओरडून शब्द सुचवतायत आणि लेखनिक मान खाली घालून, हसू दाबून लिहितोय. मला होस्टेलच्या मेसविरुद्धचा आपला अर्ज आठवला. अकरा जण आपापली शिवी घेऊन तुझ्या डोक्यावर, अक्षर चांगलं म्हणून पेन तुझ्या हातात, आणि तू प्रत्येक शिवीचं ‘सविनय’ करतोयस. आमटीच्या वाक्याला अडला होतास, तेव्हाचा तुझा चेहरा डिट्टो हाच.

पान कापून सोबत पाठवतोय. वहिनींना दाखव.

तुझा,
बाळ्या