शैलाला, ठाण्याहून

ठाणे, रविवार रात्र

प्रिय शैला,
सप्रेम सलाम.

शुगर आटोक्यात आहे, गुडघा जुनाच, ह्यांचं बरं चाललंय. पत्राचं कारण वेगळंच. शुक्रवारी कळव्याला एका घरी कॉटेज मीटिंग, म्हणजे आपली प्रार्थनासभा होती. तिथे झालं ते ह्यांना सांगितलं, पण पुरतं कळेल ते तुलाच. रोहनच्या बाळंतपणानंतर तू काय भोगलंस ते मी पाहिलंय.

बाहेरगावचे एक बंधू बोलायला आले होते. वचन फिलिप्पैकरांस ४:४, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. बोलता बोलता म्हणाले, ज्याच्या अंतःकरणात ख्रिस्त आहे त्याला डिप्रेशन होऊच शकत नाही. गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास. चार-पाच माना डोलल्या. माझ्या पर्समध्ये डिप्रेशनच्याच गोळीची, एस्सिटॅलोप्रामची पट्टी होती. शेजारी एक नवी सून बसलेली, मांडीवर बाळ. तिनं ओढणी तोंडाला लावली. मग मला राहवेना.

मी उभी राहिले, शैला. हात कापत होते, तरी १ राजे १९ उघडून वाचलं. कर्मेल डोंगरावर एवढा विजय झालेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धाकानं बैरशेब्याच्या पुढे रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवानं त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. दूतानं स्पर्श केला आणि म्हटलं, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, उशाशी पाणी. तो जेवला नि परत झोपला, तरी कोणी रागावलं नाही. दुसऱ्यांदा उठवलं तेही जेवायलाच, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं त्यानंतर. मी म्हटलं, माझी सकाळची गोळी हीच ती भाकर आहे. आणि पौलानं फिलिप्पैकरांना आनंदाचं ते पत्र तुरुंगातून लिहिलं. त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात आपला सोबती एपफ्रदीत मरता मरता वाचला, नाहीतर आपल्याला दुःखावर दुःख झालं असतं, असंही तो लिहितो. पौलाला दुःख होऊ शकतं, तर कळव्यातल्या बाईला का नाही?

ते बंधू म्हणाले, आपण नंतर बोलू. नंतर कोणी बोललं नाही. पाळकसाहेबांनी मात्र शेवटच्या प्रार्थनेत डॉक्टरांसाठी आणि औषधांसाठी आशीर्वाद मागितला. मला रडू आलं.

शनिवारी सकाळी नेहमीचंच. डोळे उघडले तर छातीवर ओझं, चहा ठेवायलाही उठवेना. तू विचारशील, मग येशूचा उपयोग काय? कॉलेजपासूनचा आपला वाद! प्रार्थनेनं काही बदलत नसेल तर करायची कशाला, असं तू म्हणायचीस आणि मी भिंगार नाल्यापर्यंत तुझ्याशी न बोलता चालायचे. तुझं ते मत मला आजही पटत नाही. गेथशेमानेत तो स्वतः म्हणाला, माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे. तिघा मित्रांना जागं राहायला सांगितलं आणि तिघंही झोपले. ज्याला मी हाक मारते त्याला माझी रात्र माहीत आहे. एवढ्यानं गोळीचं काम होत नाही, आणि गोळीनं हे काम होत नाही. मला दोन्ही लागतं. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी साधा दिलासाही नाही, तरी ते शास्त्रात आहे, कोणी गाळलं नाही. जास्तच झालं की मी ते मोठ्यानं वाचते. कधी तलावपाळीला उतरून जांभळी नाक्याच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. कॅथलिकांचं आहे, म्हणून काय झालं.

नगरला कोणी वेड्यासारखं वागलं की आपण म्हणायचो, ह्याला ठाण्याला पाठवा. माझं लग्न ठरलं तेव्हा तू पोट धरून हसली होतीस. १९०१ पासूनचं ते मनोरुग्णालय. रिक्षा तिथून गेली की आता मी आतल्या माणसांसाठी मनात प्रार्थना करते. तूही करत जा.

रोहनचं बारावीचं काय झालं? भिंगारच्या घराचा निकाल लागला का? दादाशी भांडू नकोस, पण सहीही करू नकोस.

आता मुद्दा. ती सून मीटिंगनंतर मला जिन्यात भेटली. बाळ पाच महिन्यांचं आहे. तिला बाळाची माया वाटत नाही, झोप नाही, आणि सासू म्हणते उपास-प्रार्थना कर. सवय लागते का, एवढंच तिनं गोळ्यांबद्दल विचारलं. व्यसन लागत नाही, पण असर व्हायला काही आठवडे जातात आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, एवढं मी सांगितलं. अंगावर पाजतेस हे डॉक्टरांना आधी सांग, असंही बजावलं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. तिथे मराठीत बोलतात, रात्रीही. मंगळवारी मी तिला नौपाड्यात माझ्या डॉक्टरांकडे नेतेय. पण बाळ कुशीत असताना तसं वाटणं मला ठाऊक नाही, तुला आहे. तिला फोन करशील? तुझा नंबर देण्याआधी विचारतेय. नाही म्हणालीस तर रागावणार नाही, पण मंगळवारच्या आत कळव.

तुझी,
मंगल