बॅग उघडायच्या आधी हे वाच

बायो,

शेजारचे काका उद्या सकाळच्या स्वारगेट गाडीने निघतायत, त्यांच्याकडे तुझ्या लेहच्या जिऑलॉजी फील्डट्रिपची बॅग दिलीय. पत्र मुद्दाम वरच ठेवलंय, कारण फोनवर सांगायला लागलो की तू नुसती "हो पप्पा, हो पप्पा" करतेस आणि मागे तुझ्या मैत्रिणी खिदळत असतात, म्हणजे मला कळतंच की एक अक्षरही डोक्यात शिरलेलं नाही.

पहिलं काम, बॅग मिळाली की लोकरीचं सगळं बाहेर काढ आणि रात्रभर पंख्याखाली पसरून ठेव. तुझा मरून स्वेटर, माझं जुनं जॅकेट, दोन कानटोप्या, मफलर हे सगळं ट्रंकेतून काढलं तेव्हा डांबरगोळ्यांचा असला वास होता की आईने नाकाला पदर लावला. दोन दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत हीटर लावून टांगलंय, पण इथे गेले आठ दिवस धो धो चालू आहे, सूर्य कसा दिसतो ते विसरलो, भिंतींना ओल, चपलांवर बुरशी, गिऱ्हाईकाची जीन्स तीन दिवस झाले तरी कमरेपाशी ओली ती ओलीच. असल्या हवेत लोकर कोरडी दिसते पण कोरडी नसते, आतल्या आत ओल पिऊन बसते. ती तशीच कोंबून दिल्लीच्या उकाड्यात नेलीस तर लेहला बॅग उघडल्यावर जो कुबट वास येईल त्याला काही इलाज नाही. आणि इस्त्री करून लगेच बॅगेत भरायचं नाही हे तर तू लहानपणापासून दुकानात बघतेस, गरम घडीतली वाफ बाहेर जाऊ दे, कपडा हाताला गार लागला की मग भर. शिकली सवरलेली माणसंसुद्धा हे करत नाहीत आणि मग म्हणतात लाँड्रीवाल्याने नीट धुतलं नाही.

आता तुझ्या प्रवासाचं बघ. तुला वाटतंय की तू लेहला चाललीस म्हणून थंडीचे कपडे भरायचे. पण मी कागदावर मांडून बघितलं, तुला एकाच प्रवासात चार हवा लागणार आहेत. पुणे स्टेशनवर पाऊस, मग झेलम एक्सप्रेसच्या एसी डब्यातला गारठा, मग दिल्लीचा ऑगस्टचा घाम आणि चौथं लेह, जिथे दुपारी ऊन चटके देतं आणि सूर्य डोंगराआड गेला की स्वेटर लागतो. तेव्हा बॅग गावाप्रमाणे भरायची नाही, उघडायच्या क्रमाने भरायची. हे मी कुठून शिकलो ते सांगतो, ऐकलं असशील पण अर्धवट ऐकलं असशील.

१९९६ च्या जानेवारीत आम्ही सहा जण ह्याच झेलमने वैष्णोदेवीला गेलो होतो. तेव्हा आमच्याकडे ट्रॉलीबॅग वगैरे नव्हत्या, होल्डॉल होता, म्हणजे गुंडाळून बांधायची वळकटी, त्यात मी जड म्हणून दोन्ही स्वेटर सगळ्यात खाली घातले, वर पांढरे शर्ट, वर टॉवेल. दौंड, मनमाड, भुसावळपर्यंत मजेत, अंगात नुसता शर्ट. दुसऱ्या रात्री दिल्ली सोडली आणि अंबाल्याच्या आसपास खिडकीच्या फटीतून जी थंडी शिरली ना, दात वाजायला लागले. होल्डॉल सीटखाली साखळीने बांधलेला आणि कुलपाची किल्ली ज्या मित्राकडे तो चार डबे पलीकडे झोपलेला. पठाणकोटपर्यंत मी टॉवेल पांघरून बसलो होतो. रत्नागिरीतला लाँड्रीवाला, आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे सांभाळतो, आणि स्वतःचा स्वेटर दीड फुटावर असून हातात नाही.

पुढचं त्याहून वाईट. कटऱ्याहून वर भवनपर्यंत, म्हणजे देवीच्या मंदिरापर्यंत, साधारण तेरा किलोमीटरची चढण, चढताना घाम फुटला, सुती बनियन पिळून काढावं इतकं भिजलं. वर लाइनीत उभे राहिलो आणि तेच ओलं बनियन बर्फासारखं पाठीला चिकटलं. स्वेटर वरून घातला होता तरी हुडहुडी जाईना. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, कोकणात सुतासारखं सुख नाही पण थंडीत चालायचं असेल तर अंगालगत सूत नको. ते घाम पितं आणि सोडत नाही. थर्मल घाल, ते घाम बाहेर ढकलतं आणि लवकर वाळतं. आईने तुझ्यासाठी सुती परकर आणि चार बनियन घातले होते ते मी काढले, तिला सांगू नकोस, रात्री झोपायला एक ठेवलंय.

तर आईने जुन्या पडद्याच्या पिशव्या शिवल्यात. पांढरी पिशवी ट्रेनमध्ये आणि दिल्लीत लागणाऱ्या कपड्यांची, ढगळ सुती कुर्ते आणि एक पातळ शाल, एसीत पायावर घ्यायला. ही हातातल्या सॅकमध्ये. हिरवी पिशवी लेहच्या पहिल्या रात्रीची, त्यात एक थर्मलचा जोड, पायमोजे, कानटोपी, बस. हीसुद्धा सॅकमध्येच, मोठ्या बॅगेत अजिबात नाही. आपण समुद्रकाठची माणसं, आणि लेह साडेतीन हजार मीटरवर, विमानातून उतरशील तेव्हा हवेत ऑक्सिजन इथल्या जेमतेम दोन तृतीयांश. तिथे पहिल्या दिवशी वाकून बॅगेत तळापर्यंत हात घालून पायमोजे शोधलेस तरी धाप लागेल. तुमच्या सरांनी पहिले दोन दिवस नुसता आराम सांगितलाय तो कर, बाजारात फिरायला पळू नकोस, आणि बसल्या बसल्या हाताला येईल असं पहिल्या रात्रीचं सामान ठेव. बाकी सगळं निळ्या पिशवीत, ती मोठ्या बॅगेत, ती तिसऱ्या दिवशी उघडलीस तरी चालेल.

जाड जॅकेट एकच दिलंय म्हणून आई भांडतेय. पण ऊब जाडीत नसते, दोन कपड्यांच्या मधे जी हवा अडकते तिच्यात असते. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर विंडचीटर, एवढ्यात तू लेहची रात्र काढशील, आणि पुढे लडाखातल्या पुग्याला तंबूत राहणार आहात तिथे साडेचार हजार मीटरच्या आसपास पारा शून्याजवळ जाऊ शकतो, तेव्हा विंडचीटर काढून जॅकेट चढव. फक्त एकावर एक घातलेलं घट्ट व्हायला नको, आवळलं की हवा गेली आणि ऊबही गेली. बुटांचंही तेच, दोन पायमोजे कोंबून बूट आवळलेस तर बोटं जास्त गार पडतील. आणि चढायला लागायच्या आधी एक थर उतरवायचा, घाम आल्यावर नाही, आधी. थोडी थंडी वाजली तरी निघायचं, दहा मिनिटांत अंग तापतं.

किती जोड्या घ्यायच्या ह्यावर तुझं आणि माझं फोनवर वाजलं होतंच. अठरा दिवस म्हणून अठरा टीशर्ट नकोत गं. तुला सवय इथली, धुतलेलं चार दिवस वाळत नाही म्हणून आपण जास्तीचे कपडे ठेवतो. लेहला अख्ख्या वर्षात पाऊस पडतो शंभर मिलिमीटरच्या आसपास, तेवढा आपल्याकडे जुलैतल्या एका दिवसात पडून जातो. हवा इतकी कोरडी की रात्री धुतलेलं थर्मल सकाळच्या उन्हात दोन तासांत कडकडीत. चार टीशर्ट, दोन पँटी, तीन थर्मल, पायमोजे मात्र सहा जोड, त्यात काटकसर नको. टीशर्ट पूर्ण बाह्यांचेच घे, उंचीवर ऊन फार लागतं, थंड वारा असतो म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी कातडी सोलते. रेनकोट मात्र काढू नकोस, कोरडा प्रदेश म्हणून लोक निर्धास्त असतात आणि ऑगस्ट २०१० मध्ये त्याच लेहमध्ये ढगफुटी होऊन केवढी माणसं गेली.

तू सांगितलेल्या त्या हवा ओढून घ्यायच्या व्हॅक्युम पिशव्या मी आणलेल्या नाहीत. बाजारात बघून आलो, दुकानदाराने माझ्यासमोर रजई पापडासारखी करून दाखवली, मला हसू आलं. अगं जागा कमी होते, वजन कुठे कमी होतं? विमानात तुला बॅगेत १५ किलो आणि हातात ७, काटा हवा मोजत नाही. जागा दिसली की माणूस अजून चार कपडे कोंबतो आणि काउंटरवर पैसे भरतो. शिवाय येताना तंबूत पंप कुठून आणणार. टीशर्ट आणि थर्मल गुंडाळून भर, स्वेटर सैल घडी घालून, त्याला गुंडाळू नकोस, विणीचा कपडा ताणला की पुन्हा जागेवर येत नाही. जॅकेट सगळ्यात शेवटी वर.

आणि जागा मोकळी का ठेवायची ते तुलाच माहीत. मागच्या वर्षी गोव्याच्या फील्डवरून आलीस तेव्हा कपडे मैत्रिणीच्या बॅगेत आणि तुझ्या बॅगेत निव्वळ दगड. ह्या वेळी तर इंडिया आणि आशियाचे भूखंड धडकले त्या रेघेवरच चाललीस, जांभ्यात जन्मलेली पोरगी, तिथले हिरवे जांभळे दगड बघून सोडशील का? म्हणून जाताना बॅग दहा किलोच्या वर जाऊ देऊ नकोस. हातोडा मोठ्या बॅगेतच, हातातल्या सॅकमध्ये ठेवलास तर विमानतळावर काढून घेतील. पॉवर बँकचं उलटं, ती सॅकमध्येच. फाटके पायमोजे दिलेत पाच जोड, ते घालायला नाहीत, दगडांना घालायला. एका मोज्यात एक दगड, वर गाठ, म्हणजे एकमेकांवर आपटणार नाहीत आणि स्वेटरला खडी लागणार नाही. ही आयडिया माझी, तुमच्या सरांना सांगितलीस तरी चालेल.

आईने कोकमाच्या आगळाची बाटली भरली होती, तिच्याशी अर्धा तास वाद घालून ती काढली. कोकमाचा डाग लोकरीवर पडला तर मी सुद्धा काढू शकत नाही, आणि उंचावर बाटल्यांची झाकणं गळतात. तुझी क्रीम, शाम्पू जे काय आहे त्यातली हवा दाबून काढून मग झाकण लाव आणि वेगळ्या प्लास्टिकमध्ये घाल. आंबापोळी आहे, ती खुशाल ने, वाटून खा.

परत येशील तेव्हा गणपती तोंडावर असतील, तू दिल्लीहून थेट इकडेच येणार असं आई धरून चाललीय. निघायच्या आदल्या दिवशी लोकरीचं सगळं लेहच्या उन्हात टाक, धूळ झटक आणि कोरडं ठणठणीत असताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. पिशव्या निळ्या पिशवीत तळाला आहेत. घरी आल्यावर ते गाठोडं तू उघडायचं नाहीस, मीही नाही उघडणार, ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत. लेहची हवा तशीच बंद राहू दे त्यात.

सगळ्या कपड्यांच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याची खूण केलीय, वीस जणांचे थर्मल एका दोरीवर वाळले की सगळे सारखेच दिसतात. मोठ्या बॅगेला कुलूप आहे, किल्ली पाकिटात घातलीय, ती सॅकच्या पुढच्या कप्प्यात अडकव, मैत्रिणीकडे सांभाळायला देऊ नकोस. दुसरी किल्ली तुझ्या आईने इथे देव्हाऱ्यात ठेवलीय, लेहला तिचा काय उपयोग होणार हे मी विचारलं, तर म्हणाली असू दे.

पप्पा