बधिर पाय आणि ‘नस वाढवणारी’ इंजेक्शने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायांच्या नसा ‘ग्रोथ फॅक्टर’ देऊन पुन्हा वाढवता येतात, अशा जाहिराती अलीकडे सर्रास दिसतात. त्यांमागचा विचार निराधार नाही. नसांचे पोषण करणारी प्रथिने शरीरातच तयार होतात आणि अशा वृद्धिघटकांच्या शोधासाठी रिता लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चे नोबेल पारितोषिकही मिळाले. परंतु यांतील नर्व्ह ग्रोथ फॅक्टरची इंजेक्शने टाइप १ व टाइप २ अशा दोन्ही प्रकारच्या सुमारे हजार मधुमेहींना ४८ आठवडे देऊन पाहिली गेली, तेव्हा मुख्य निकषावर ती औषधाविना दिलेल्या इंजेक्शनांपेक्षा सरस ठरली नाहीत. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. आधीच्या छोट्या चाचणीने मात्र मोठी आशा निर्माण केली होती. शिवाय हेच प्रथिन वेदनेच्या नसा अधिक संवेदनशील करते, त्यामुळे सुई टोचलेली जागा ठणकते. पायांची आधीच आग होत असलेल्या रुग्णाला हे कोणी सांगते का?

वृद्धिघटक असलेले एक जेल मधुमेही पायाच्या जखमेसाठी अमेरिकेत १९९७ पासून मान्यताप्राप्त आहे, हे खरे. पण ते जखम भरण्यास मदत करते, गेलेली संवेदना परत आणत नाही. जाहिरातींत नेमकी हीच गल्लत होते.

मधुमेहींच्या जखमांचे ड्रेसिंग करण्यात माझी बहुतेक नोकरी गेली. चपलेचा खिळा तळव्यात रुतला आहे आणि मोज्याला रक्त लागलेले दिसेपर्यंत पत्ता नाही, असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या पायाची तपासणी आधीच व्हायला हवी होती. रुग्णाला डोळे मिटायला सांगून १० ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर तो वाकेपर्यंत टेकवायचा आणि स्पर्श कळतो का ते विचारायचे, इतकी ती सोपी आहे. तरीही शुगरचा रिपोर्ट पाहून, मोजे न उतरवताच, रुग्णाला घरी पाठवले जाते. शिवाय मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही पायांना मुंग्या येतात. ती कमतरता भरून काढता येते.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हा धागा असावा व मधुमेहींचे पाय वर्षातून एकदा तरी तपासले जावेत, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे. रुग्णांनीही महागड्या इंजेक्शनांचे पैसे भरण्यापूर्वी पायांची आणि बी-१२ ची तपासणी मागून घ्यावी.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, सातारा