साऊथ सुडानची मॅच बघितलीस का लेका?

कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय पक्या,

फ्रेंडशिप डे आहे म्हणून आठवण आली असं काही समजू नकोस. रात्री अडीचपर्यंत मॅच बघत जागलोय आणि सकाळपासून ज्याला सांगायला जावं तो स्वप्नील कुसाळेचंच काढतोय. काढणारच म्हणा, कांबळवाडीच्या पोरानं नेमबाजीत ऑलिंपिक मेडल आणलंय, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी! पण बास्केटबॉलचं ऐकून घेणारं इथं कोण उरलंय, या गावात बॉल म्हटला की पायानंच मारायचा असतो, त्यामुळं आता तू भोग.

तर साऊथ सुडान. काल रात्री सर्बियाकडून ९६-८५ हरले आणि ऑलिंपिकमधून बाहेर. घरी गेले म्हणावं तर घरी यांच्याकडं धड एक इनडोअर कोर्ट नाही. देशच ९ जुलै २०११ चा, म्हणजे आपण फायनल इयरचा रिझल्ट बघायला रांगेत उभे होतो ना, तेवढाच जुना. आणि मागच्या वर्षी वर्ल्ड कपला पहिल्यांदाच गेले, तिथं चीनला हरवलं, फिलिपिन्सला त्यांच्याच घरात हरवलं, शेवटी अंगोलाला १०१-७८ धुतलं आणि आफ्रिकेतली बेस्ट टीम म्हणून पॅरिसचं तिकीट घेतलं. आपण भारतवाले १९८० ला मॉस्को ऑलिंपिकला गेलो ते एकदाच, तेही निम्मं जग बहिष्कार टाकून बसलं होतं म्हणून, आणि तिथं एकही मॅच जिंकलो नाही. असो, त्या विषयावर मी बोलत नाही, बीपी वाढतं.

यामागं माणूस कोण माहितेय का? लुओल डेंग! तोच, शिकागो बुल्सचा, ज्याचं पोस्टर तुझ्या रूममध्ये दाराच्या मागं होतं. लहानपणी घरच्यांबरोबर पळून इजिप्तला गेला, तिथं मानुते बोल या एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या, जुन्या प्लेअरनं त्याला हा गेम दाखवला, मग लंडन, मग स्वतः एनबीएत. २०१२ ला ब्रिटनकडून ऑलिंपिक खेळला कारण स्वतःच्या देशाची टीमच कुठं होती. आता तो साऊथ सुडानच्या बास्केटबॉल फेडरेशनचा प्रेसिडेंट आहे आणि प्लेअर्सची विमानं, हॉटेलं, प्रॅक्टिसला भाड्याचं जिम, सगळ्याला खिशातनं पैसे घातलेत त्यानं. आपल्याकडं प्रेसिडेंट म्हणजे सत्काराला खुर्चीवर बसणारा माणूस.

ऑलिंपिकच्या आधी २० जुलैला लंडनला अमेरिकेबरोबर प्रॅक्टिस मॅच झाली ती तरी बघितलीस का? हाफटाइमला ५८-४४ पुढं होते हे लोक, समोर लेब्रॉन, करी! शेवटी ८ सेकंद राहिली असताना लेब्रॉननं लेअप टाकला म्हणून अमेरिका १०१-१०० वाचली. साऊथ सुडानच्या कार्लिक जोन्सचा ट्रिपल डबल, म्हणजे पॉइंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहाच्या वर. तो तसा जन्मानं अमेरिकनच, पण तेवढा एक बाहेरचा प्लेअर प्रत्येक टीमला चालतो, त्यामुळं कुणी नाक मुरडायचं कारण नाही.

पण माझ्या डोक्यातनं जात नाहीये ते वेगळंच. २८ ला, रविवारी दुपारी, फ्रान्समधल्या लीलला पोर्तो रिकोबरोबर यांची आयुष्यातली पहिली ऑलिंपिक मॅच. सगळे रांगेत उभे, राष्ट्रगीत सुरू झालं आणि ते निघालं सुडानचं! ज्या देशाशी वर्षानुवर्षं लढून, लाखो माणसं मातीत घालून वेगळे झाले, त्याच देशाचं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, स्टेडियममधनं हुर्यो सुरू झाली, मग ते बंद केलं आणि ती सगळी तशीच उभी राहिली रे, गप, कुणी जागा सोडली नाही. थोड्या वेळानं बरोबर गाणं लागलं. मी टीव्हीसमोर एकटाच, बाहेर पाऊस कोसळतोय, चहा निवून गेलेला, आणि माझा हात आपोआप छातीवर गेला, आई आत येऊन म्हणते काय दुखतंय का. मग ९०-७९ जिंकले. पहिलीच मॅच आणि पहिलाच विजय.

१ तारखेला पहाटे अमेरिकेनं १०३-८६ हरवलं ते हरवलं, लंडनवरनं शहाणे झाले होते ते.

त्यांच्यात खमान मालुआच म्हणून एक १७ वर्षांचा पोरगा आहे, सात फुटाच्या वर. युगांडात वाढलेला. पहिल्यांदा कोर्टवर गेला तेव्हा पायात क्रॉक्स होते म्हणे. ते वाचलं आणि तुझी ती निळी पॅरागॉन आठवली, अंगठा तुटलेली, सेफ्टी पिन लावून लेअप मारायचास. पाऊस उघडला की आपण कँटीनची पोती आणून कोर्ट पुसायचो, फ्री थ्रो लाइनवरचा तो खड्डा तरी भरलेलाच राहायचा आणि पेंड्या त्यात बरोबर पाय घालायचा. आता तिथं पार्किंग केलंय. एका बाजूची रिंग अजून आहे, बोर्ड गेलाय, खाली स्कुटी लावतात.

गणपतीला येशील तेव्हा पहाटे जाऊ, गाड्या यायच्या आत. बॉल माळ्यावर सापडला, हवा टिकते का बघायला काल भरून ठेवलाय, अजून तरी टणक आहे.

तुझा,
संद्या