एचडीआर म्हणजे फसवणूक? मग मोबाईलचं काय?

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला निसर्ग फोटोग्राफीवरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास असेल, नाही म्हणत नाही, पण "एचडीआर म्हणजे निसर्गाची सरळसरळ फसवणूक" हे वाक्य वाचून चहा गार झाला बघा. एचडीआर म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करणं. जांभळं आभाळ, झाडांभोवती पांढरी कड, चिखलसुद्धा सोन्यासारखा चमकतोय, असले फोटो मलाही बघवत नाहीत. पण कुणीतरी तिखट जास्त घातलं म्हणून शेंगाचटणीच बंद करायची का?

मूळ अडचण साधी आहे. आमच्या सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर दिवस मावळताना उभं राहून बघा, आभाळ पेटलेलं असतं आणि काठावरच्या बाभळी अंधारात. आपल्या डोळ्याला दोन्ही दिसतं, कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये जमतंच असं नाही, आणि माझा कॅमेरा तर जुना आहे. आभाळ धरलं की बाभळी काळ्या ठिक्कर, बाभळी धरल्या की आभाळ पांढरं फट्ट. म्हणून ट्रायपॉड लावून एक नॉर्मल, दुसरा दोन स्टॉप कमी, तिसरा दोन स्टॉप जास्त (एका स्टॉपला उजेड दुप्पट किंवा निम्मा) असे तीन फोटो काढायचे, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक तेच ठेवून फक्त शटर उघडं राहण्याचा वेळ बदलायचा आणि नंतर एकत्र करायचे. यात फसवणूक कुठं आली? १८५० च्या दशकात फ्रान्सच्या गुस्ताव ल ग्रे या फोटोग्राफरनं समुद्र एका निगेटिव्हचा आणि आभाळ दुसऱ्या निगेटिव्हचं घेऊन एक प्रिंट केली, तेव्हा कॉम्प्युटर होता का?

आता खरं दुखणं सांगतो. मागं इथल्याच एका फोटो स्पर्धेत मी हिप्परग्याचा असाच फोटो दिला होता. वारा होता, मासे धरणाऱ्याची होडी तिन्ही फोटोत तीन जागी आली, एकत्र केल्यावर एका होडीच्या तीन भुताळ्या होड्या दिसायला लागल्या, मग मधल्या फोटोतली होडी तेवढी ठेवली, बाभळीच्या हललेल्या शेंड्यांवर तर अख्खी रात्र गेली. रंग एक कणभर वाढवला नाही. अर्जात "फोटो कसा काढला" असा रकाना होता, त्यात सगळं प्रामाणिकपणे लिहिलं, तर परीक्षक म्हणाले, हे एडिटिंग आहे, नियमात बसत नाही. बरं बाबा, नियम तो नियम. पण पहिलं बक्षीस कुणाला? मोबाईलवर काढलेल्या फोटोला! अहो, आयफोनमध्ये एचडीआर २०१० पासून आहे, आणि आजकालचे बरेचसे फोन तर न विचारताच एका क्लिकला चार-सहा फ्रेम घेऊन आतल्या आत जोडतात. म्हणजे फोननं केलं तर "नैसर्गिक" आणि मी रात्रभर बसून केलं तर चोरी. त्या पोराचा फोटो चांगलाच होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण त्याला तरी कुठं माहीत होतं की त्याचा फोन काय करायलाय.

आपल्या लेखकांनी लेखाच्या शेवटी "मी फक्त मोबाईलवर काढतो, काहीही प्रोसेसिंग न करता" असं लिहिलंय. धन्य आहे! सेटिंगमध्ये जाऊन एकदा एचडीआर बंद होतंय का बघा म्हणावं, कित्येक फोनमध्ये तर ते बटणच सापडत नाही.

अजून एक, राहवत नाही म्हणून लिहितो. त्याच पानावर वर जो मोठा फोटो छापलाय त्याच्याखाली "हिप्परगा तलाव" लिहिलंय. तो कंबर तलाव आहे हो. गावातला तलाव ओळखायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. दुरुस्ती छापाल ही अपेक्षा, आणि छापाल तेव्हा आतल्या पानात कोपऱ्यात नको.

आपला एक जुना वाचक,
जुळे सोलापूर