छप्पर ऑक्टोबरपर्यंत थांबलंय

ग्विनेड, वेल्स
जुलै

ती. अण्णा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आम्ही सगळे खुशाल आहोत, छोटीचा खोकला पूर्ण गेला. रोजचं सगळं फोनवर होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. घराच्या कामाचं मात्र फोनवर नीट सांगून होत नाही. आई "शिडीवर कोण चढतं?" इथेच थांबते आणि पुढचं राहून जातं.

तर आई, आधी तेच. शिडी नाही, कठडा असलेली लोखंडी परांची भाड्याने आणून बांधून घेतली आहे. विजेच्या तारांना आम्ही हात लावत नाही, त्याला नोंदणी असलेला वायरमन येतो. गोठ्यावरचे पत्रे जुने आहेत. या देशात ॲस्बेस्टॉसवर १९९९ साली पूर्ण बंदी आली, त्याआधीचा पत्रा असला की तपासून घ्यायचा. आमचे ॲस्बेस्टॉसचेच निघाले. ते आहेत तसे ठेवलेत, काढायला त्यातली माणसं येतील. चुन्याच्या कामाला हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असतो, छोटी तेव्हा सासूबाईंकडे असते. अजून काय काळजी घ्यायची ते सांग, तीही घेईन.

अण्णा, तुम्ही विचारलंत की शिकलेल्या मुलीने गवंडीकाम का करायचं, मजूर परवडत नाहीत का. सगळ्या कामाला परवडणार नाहीत, हे खरं आहे. पण तेवढंच कारण नाही. हे जावयांच्या आजोबांचं शेतघर आहे. जुन्या दगडी घराला चुना लावू शकणारा गवंडी इथेही सहज मिळत नाही, म्हणून आम्ही दोघं शिकलो. यात कमीपणा वाटावा असं मला काही दिसत नाही.

भिंती दोन फूट जाडीच्या आहेत. आतून एक थर, बाहेरून एक, मध्ये दगडगोट्यांची भर. पायात ओल अडवणारा थर नाही, कारण हे घर बांधलं तेव्हा तशी पद्धतच नव्हती. पावसाचं पाणी भिंतीत शिरायचं आणि दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांतून परत उडून जायचं. मग कधीतरी कोणीतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ सालचं, ॲस्पडिन नावाच्या इंग्लंडातल्याच गवंड्याचं. नव्या बांधकामाला सिमेंट चांगलंच, पण अशा भिंतीत ते पाणी कोंडून ठेवतं. गिलाव्याला बारीक भेग गेली की पाणी आत जातं आणि बाहेर पडत नाही. आतल्या पोपड्यांचं कारण तेच होतं. आता छिन्नीने सिमेंट काढून, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू अशा मिश्रणाने सांधे भरतोय. मुरवलेला चुना बादल्यांत तयार मिळतो, चुनकळी घरी विरवायला लागत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो. म्हणून भरलेल्या भागावर ओलं गोणपाट टाकून तो जपायचा, आणि पारा ५ अंशांखाली जायच्या आत काम उरकायचं. अण्णा, किल्ल्यांवर तुम्ही चुन्याचे घाणे दाखवायचात ना, ते रोज आठवतात.

आता छपराचं. तुम्ही दोघांनीही विचारलंय की पावसाच्या देशात छप्पर सोडून भिंती का धरल्या. तर माळ्यावर वटवाघळं आहेत.

आई, लगेच घाबरू नकोस. ही अगदी लहान, अंगठ्याएवढी, नाकावर घोड्याच्या नालासारखी घडी असलेली. उन्हाळ्यात माद्या जुन्या घरांच्या माळ्यावर जमतात आणि प्रत्येकीला वर्षाला एकच पिल्लू होतं. आपल्याकडे घरात वटवाघूळ शिरलं तर आपण झाडू घेऊन धावतो. इथे त्यांना हुसकावणं हा गुन्हा आहे. १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि वटवाघळं उडून गेलेली असली तरी त्यांची जागा मोडता येत नाही. त्यासाठी परवाना लागतो. परवान्याआधी जाणकार माणसं येतात, संध्याकाळी अंगणात खुर्च्या टाकून बसतात आणि माळ्याच्या फटीतून किती बाहेर पडतात ते मोजतात. हातात एक यंत्र असतं, आपल्याला ऐकू न येणारा त्यांचा आवाज ते ऐकू येईल असा करून देतं. शेजारपाजारचे चहा घेऊन बघायला येतात आणि कोणालाही हे विचित्र वाटत नाही! छपराखाली घालायचा कागदसुद्धा त्यांना जपून निवडायचा. वाफ बाहेर जाऊ देणाऱ्या नव्या कापडाचे धागे सुटतात, त्यात त्यांचे पाय अडकतात, म्हणून आम्ही जुन्या पद्धतीचा फेल्ट, म्हणजे डांबर लावलेला जाड कागद, घालणार. पिल्लं मोठी होऊन ती निघून गेली की ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत छपराला हात लावायचा. सुरुवातीला मला राग आला होता. आता संध्याकाळी ती बाहेर पडली नाहीत तर मीच वर बघत राहते.

छपरावर स्लेटच्या पाट्या आहेत, इथल्याच डोंगरातल्या. वायव्य वेल्सचा तो सगळा खाणींचा प्रदेश २०२१ साली जागतिक वारसा यादीत गेला. जुनी पाटी बोटाने वाजवून बघायची, मडकं वाजवून घेतो तशी. खणखणली की पुन्हा चढवायची, बद्द वाजली की बाजूला. बहुतेक पाट्या चांगल्या आहेत, गंजलेत ते लोखंडी खिळे. नवे तांब्याचे घालणार.

दादाने फोनवर सांगितलं की माजघराच्या मागच्या भिंतीला तो दिवाळीनंतर सिमेंटचा गिलावा करणार आहे. त्याला म्हणावं, एवढं थांब. आपला जांभा पाणी पितो आणि आपले चिरेही चुन्यातच बसवलेले आहेत. आधी पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब काढायला सांगा. चुन्याचा खर्च मी देते. कौलं यंदाही दादा-वहिनींनीच शाकारली, मला माहीत आहे. इथे मी दुसऱ्यांचं घर दुरुस्त करत बसलेय असं वहिनी म्हणाली नाही, पण म्हणाली असती तरी मला बोलायला जागा नव्हती.

पैसे सोमवारी पाठवलेत. नेहमीपेक्षा कमी आहेत, लाकडाचं बिल आलं. दिवाळीला भरून काढते. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यासाठी पुढे ढकलू नका, त्याचे वेगळे पाठवीन.

धाकटीचं स्थळ मला पसंत आहे, माणसं सरळ वाटली. दागिन्यांतला माझा वाटा ठरल्याप्रमाणे, त्यात बदल नाही. त्यांना मार्गशीर्षातला मुहूर्त हवाय, पण तेव्हा आमचं छप्पर उघडं असेल आणि परवान्याची मुदत एप्रिलपर्यंतचीच आहे. वैशाखातला मुहूर्त निघतो का, एवढं एकदा विचाराल का? मेमध्ये मी छोटीला घेऊन महिनाभर येऊ शकते, जावईही येतील. त्यांना जमत नसेल तर माझ्यासाठी अडवून धरू नका. मी चार दिवसांसाठी एकटी येईन, जावई इथे छप्पर बघतील. धाकटीला मी वेगळं लिहितेय, तिला आधी काही बोलू नका. मुहूर्ताचं ठरलं की रात्री उशिरा असलं तरी फोन करा, तिकिटं लगेच काढावी लागतात.

तुमची,
ताई